पणजी नांदेडहून विमानात बसली तेव्हा

मुलांनो,

नांदेडचं विमान पुन्हा सुरू झालंय आणि या दिवाळीला तुम्ही त्यानेच येणार, असं तुमच्या बाबांनी कळवलं. म्हणून हे आत्ताच लिहिते. ज्या छोट्या इमारतीतून तुम्ही बाहेर पडाल, तिथूनच तुमची पणजी, म्हणजे माझ्या सासूबाई, आयुष्यात एकदाच विमानाने गेल्या.

आमच्याकडच्या विमानांचा काही नेम नसतो. लातूरला प्रवासी विमान आलं, लोक लेकराबाळांसह बघायला गेले, आणि थोड्याच काळात ते बंद पडलं. नांदेडचं कधी चालू, कधी बंद. लातुरात शेजारणीला "आज नळ येणार का?" असं विचारतात, तसं आम्ही नांदेडच्या नातेवाइकांना विमानाचं विचारायचो.

तेव्हा तुमच्यातला थोरला मुंबईत नुकताच जन्मला होता. आपण लिंगायत. बाळ जन्मलं की त्याला इष्टलिंग, म्हणजे जन्मभर अंगावरच ठेवायचं महादेवाचं छोटं लिंग, बांधतात, आणि पणतवाचं लिंग आपल्याच हाताने बांधायचं, हे सासूबाईंनी मनात धरलं होतं. पण त्यांचं मांडीचं हाड मोडून जेमतेम जुळलेलं. रात्रभराचा रेल्वेप्रवास डॉक्टरांनी मना केला होता. नशिबाने त्या दिवसांत नांदेडचं विमान चालू होतं. बारशाच्या आदल्या दिवशी आम्ही अहमदपूर, लोहा करत गाडीने तिथे पोहोचलो.

तपासणीच्या दारात यंत्र वाजलं. सासूबाईंच्या गळ्यात चांदीची डबी होती. तिच्यात त्यांचं लिंग, आणि शेजारी कापडात गुंडाळलेलं बाळाचं इवलंसं लिंग.

"आजी, गळ्यातलं काढून ट्रेमध्ये ठेवा," तिथली पोलीस मुलगी म्हणाली.

"हे अंगावरून निघत न्हाई, माय."

"सगळेच काढतात, आजी."

"जीव काढून ठेव म्हणलं तर ठेवतीस का तू?"

मुलगी साहेबांना विचारून आली. तपासल्याशिवाय सोडता येत नव्हतं. सासूबाईंनी काठी वळवली. "चल गं, लातूरला परत जाऊ." त्या रागाने बोलत नव्हत्या, आणि म्हणूनच मला धास्ती वाटली. बारशाची एवढी ओढ असूनही त्या खरंच निघाल्या असत्या.

रांग खोळंबली होती. मागून मुदखेडचे एक व्यापारी म्हणाले, "आजी, महादेवाचं तिकीट काढलं का?"

सासूबाई थांबल्या. "मांडीवरच्या लेकराला कुठं तिकीट असतंय?"

रांग हसली, ती मुलगीही हसली. तिने आम्हाला पडद्याच्या आडोशाला नेलं आणि हळूच विचारलं, "आजी, यातलं नेमकं काय काढायचं नसतं?"

"लिंग. डबी काय, सोनाराची हाय."

"मग डबी तेवढी द्या की."

इतका वेळ हे आम्हा दोघींपैकी कुणाच्याच डोक्यात आलं नव्हतं. सासूबाईंनी डबी उघडली, रोज सकाळी पूजेला घेत तशी दोन्ही लिंगं डाव्या तळहातावर घेतली आणि हात पुढे केला. मुलीने हातातलं यंत्र त्यावरून फिरवलं. ते वाजलं नाही. रिकामी डबी ट्रेमधून गेली, तपासून आली आणि पुन्हा गळ्यात पडली.

विमानात त्यांनी खिडकीतून गोदावरी पाहिली आणि "एवढीच का ही?" म्हणून डोळे मिटून घेतले. दुसऱ्या दिवशी मुंबईत बाळाला लिंग त्यांनीच बांधलं. बाळ रडलं, तर म्हणाल्या, "रडू दे. मलाबी कालच्याला रडूच आलं होतं."

सासूबाई आता नाहीत. लातूरला अजून आम्ही विमानाची वाट पाहतो आहोत. आपल्या घरच्या बायका मात्र कुठल्याही विमानतळावर आजही डबी ट्रेमध्ये ठेवतात आणि लिंग डाव्या तळहातावर घेऊन पुढे जातात.