मासोयी आणि मासोली

सुरतेतल्या एका डिझाइन कॉलेजच्या वाचनालयात मी नोकरी करते. नव्या पुस्तकांवर शिक्के मारायचे, नंबर टाकायचे, कपाटात लावायची. मागच्या वर्षी दागिन्यांवरच्या इंग्रजी पुस्तकांचा खोका आला. त्यातल्या एका जाडजूड पुस्तकावर शिक्का मारायला पान उलटलं, तर समोर माझ्या मायचे हात.

नुसते हात. चेहरा कापलेला. उजव्या अंगठ्याचं नख दबलेलं आहे, त्यावरून ओळखले. तळव्यावर तिची चांदीची वाकी. खाली छापलं होतं : खानदेशातली अनामिक मजूर स्त्री, पायातल्या दागिन्यासह.

वाकी दंडात घालतात. आमच्याकडे शेंबड्या पोरीलाही हे माहीत असतं.

आम्ही खानदेशातून सुरतेत आलेले. पुस्तक लिहिणाऱ्या बाईंना इथल्या डिंडोली भागातल्या आमच्या घरी मीच घेऊन गेले होते. त्या मराठीच, पण परदेशातल्या विद्यापीठात शिकवतात. इंग्रजांच्या काळातल्या खानदेशी दागिन्यांवर त्यांचं काम चाललं होतं आणि त्यांना जुने शब्द हवे होते. माय साड्यांवर खडे चिकटवते. तीन रविवार तिने ते काम बाजूला सारलं. पातळाच्या फडक्यात बांधलेली चांदी काढली, कुठला दागिना कधी घालायचा, कुठला बाळंतपणात उतरवायचा, सगळं सांगितलं. बाई रेकॉर्डर पुढे धरून म्हणायच्या, "पुन्हा म्हणा ना, किती गोड म्हणता!" माय लाजून पुन्हा म्हणायची. निघताना बाईंनी तिचे दोन्ही हात धरले. "पुस्तकात तुमचं नाव येईल, आणि पहिली प्रत तुम्हाला."

प्रत आली नाही. नाव मी शोधलं, आभाराच्या पानावरही नव्हतं. मागे शब्दांची यादी होती, उच्चारांसकट. पायाच्या बोटातल्या मासोळीला माय 'मासोयी' म्हणते, कारण आमच्या अहिराणीत 'ळ'चा 'य' होतो. पण बाईंनी कुण्या गोऱ्या साहेबाची जुनी यादी खरी धरली होती. त्या साहेबाला 'ळ' लिहिता आला नाही म्हणून त्याने 'ल' लिहून भागवलं. त्यावरून बाईंनी मूळ शब्द ठरवला 'मासोली', आणि खाली टीप दिली : सुरतेत आलेल्या निरक्षर बायकांच्या तोंडी हा शब्द बिघडला आहे.

माझं डोकं सणकलं. ज्याला ऐकू नीट आलं नाही तो शहाणा, आणि जिच्या पायात दागिना आहे ती बिघडलेली!

जेवणाच्या सुट्टीत मी फोन लावला.

"अगं, संशोधनाला लेखी पुरावा लागतो," बाई म्हणाल्या.

"तो लिहिणाऱ्याने मासोळी घातली होती का?"

त्या हसल्या. "इतकी भावनिक होऊ नकोस."

"वाकी पायात कशी गेली?"

"छपाईत झालं असेल. पुढच्या आवृत्तीत बघू."

"आणि मायचं नाव?"

"नाव न देणं हा आमच्याकडे नियम असतो. त्यांच्याच भल्यासाठी."

मी फोन ठेवला. पुस्तक घरी नेलं. मायला फोटो दाखवला, खालचं वाचून सांगितलं. तिने आधी स्वतःच्याच हातांकडे पाहिलं. मग म्हणाली, "वाकी पायम्हा कोन घालस व?" मी टीप वाचून दाखवली तेव्हा मात्र ती उठली, खड्यांचं ताट पुढे ओढलं आणि कामाला लागली. ती रडली असती तर मला कमी राग आला असता.

दुसऱ्या दिवशी मी एका कागदावर टाइप केलं : वाकी दंडात घालतात. शब्द मासोळी, अहिराणीत मासोयी. मासोली असा शब्द नाही. खाली मायचं पूर्ण नाव, आणि 'या पानावरचे हात हिचे आहेत'. कागद त्या पानावर चिकटवला.

आठवड्याने साहेबांनी बोलावलं. आमचे ग्रंथपाल गुजराती, निवृत्तीला आलेले.

"बहेन, ही पुस्तकाची नासाडी झाली. मला मेमो द्यावा लागेल."

"द्या. पण चूक छापली ती नासाडी नाही?"

त्यांनी मेमो दिला. मी उत्तरात तेच लिहिलं. त्यांनी ते फाइलला लावलं, आणि कागद काही काढला नाही. पण असा कागद या एकाच प्रतीत आहे. बाकी ज्या कुठल्या वाचनालयांत ते पुस्तक गेलं, तिथे माझ्या मायची भाषा बिघडलेलीच आहे. आमच्याच कॉलेजच्या एका मुलीने पुस्तक बघून वाकीचं पैंजण केलं, तिला बक्षीसही मिळालं.

गेल्या महिन्यात आणखी एक संशोधक आमच्या दारात आला. लॅपटॉप, तीच गोड बोली. मी त्याला उंबऱ्यातूनच परत पाठवणार होते. मायने मला हाताने मागे सारलं.

"आधी मनं नाव लिख," ती त्याला म्हणाली, "मंग बस."

त्याने उभ्याउभ्या वहीत लिहिलं. मायला वाचता येत नाही, म्हणून तिने वही माझ्याकडे दिली. आडनाव चुकलं होतं. मी ते त्याच्याकडून दोनदा लिहून घेतलं.