ओरडून न सांगता येणारं

“ग्राफ बरोबर आहे, मॅडम. पण मला मशीन बेडा. नको.”

सरांनी ऑडिओग्रामचा, म्हणजे कानांच्या तपासणीच्या ग्राफचा, कागद माझ्याकडे परत सरकवला. त्यांनी जन्मभर शाळेत गणित शिकवलेलं. त्यांना ग्राफ समजावण्यात माझी पंधरा मिनिटं गेली होती आणि तो त्यांना माझ्याआधीच कळला होता.

मी ऑडिओलॉजिस्ट. कान तपासायचे, लागलं तर ऐकण्याचं मशीन बसवून द्यायचं, हे माझं काम. माहेर साताऱ्याचं, पण आता बरीच वर्षं म्हैसूरला क्लिनिक आहे. सर आणि त्यांच्या पत्नी कमलाकाकू इथल्याच सरस्वतीपुरम भागातले. घराणं पिढ्यान्‌पिढ्या इथलंच, त्यामुळे मराठीत कानडी मिसळलेलं. त्याच्या आदल्या आठवड्यात सरांना मागून आलेल्या रिक्षाचा हॉर्न ऐकू आला नाही. थोडक्यात वाचले. म्हणून काकू त्यांना घेऊन आल्या होत्या.

“सर, तुमचे खालच्या पट्टीचे आवाज ठीक आहेत,” मी म्हणाले. “वरच्या पट्टीचे गेलेत. स, श, फ ही अक्षरं तिथलीच. म्हणून कोणी बोलतंय हे कळतं, पण काय बोलतंय ते कळत नाही.”

“लोक पुटपुटतात हल्ली.”

मग मी अनुभव पुढे केला. “वीस वर्षं हेच करतेय, सर. माझ्यावर विश्वास ठेवा.”

“विश्वास आहे हो. पण मशीन विकणारी बाई मशीन नको असं कधी सांगणार?”

रिक्षाची भीती घालावी असं मनात आलं. तेवढ्यात लक्षात आलं, की काकू आल्यापासून एक शब्दही बोललेल्या नाहीत. त्यांना सहज विचारलं, “काकू, घरी तुमचं कसं चालतं?”

“चालतं की. ‘जेवायला या’, ‘गोळी घ्या’ एवढं मोठ्यानं सांगते. बाकीचं सोडून दिलं.”

“बाकीचं म्हणजे?”

काकू जरा लाजल्या. “सुम्ने, असंच काहीतरी. सकाळी कॉफी घेताना मी यांना रात्री पडलेलं स्वप्न सांगायची. लग्न झाल्यापासून. आता तीन वर्षं झाली, सांगत नाही. स्वप्न काय ओरडून सांगायचं? शेजारी काय म्हणतील?”

सर त्यांच्या ओठांकडे बघत होते. थोडं निसटलं असावं. मी काकूंचं बोलणं कागदावर लिहून त्यांच्यापुढे ठेवलं. त्यांनी वाचलं. चष्मा काढून पुसला.

“मला वाटलं,” ते काकूंना म्हणाले, “तुला आता स्वप्नं पडत नाहीत.”

काकू पदराशी चाळा करत राहिल्या.

मग सरांनीच विचारलं, “ट्रायल घेता येते ना?”

मी दोन्ही कानांत मशीन बसवलं, आवाज जुळवला. काकूंना म्हटलं, नेहमीच्या आवाजात बोला. त्या अगदी हळू म्हणाल्या, “ऐकू येतं का हो?”

सर दचकले. “तुझा आवाज म्हातारा झालाय गं!”

“तुम्ही ऐकत नव्हता ना, तेव्हा झाला.”

दोघंही हसली. काकूंचे डोळे भरले होते.

महिन्याभरानं तपासणीला आले तेव्हा कळलं, सर मशीन फक्त सकाळी कॉफीला घालतात आणि मग डबीत ठेवतात. मी रागावले. मेंदूला सवय व्हायला दिवसभर घालावं लागतं, हे पुन्हा समजावलं. या वेळी त्यांनी कागदावर टिपून घेतलं. आता रस्त्यावरही घालतात.

त्या दिवशीचं मन वळवणं माझ्या खात्यावर जमा नाही. मी फक्त प्रश्न विचारला होता, तोही उशिरा. तेव्हापासून पेशंटसोबत आलेल्या माणसाला मी आधी विचारते, “तुम्ही यांना काय सांगायचं सोडून दिलंत?” ग्राफ त्यानंतर.