चाळणी नाही

गौलीगुडा वस्तीतल्या आमच्या संस्थेत परदेशी राजदूत बाई यायच्या होत्या आणि मी त्यांची दुभाषी. बाहेरच्या देशांना मदत द्यायची ती आधी बायकांच्या हाती, हे त्यांच्या सरकारचं धोरणच. त्या मदतीतून संस्थेनं बायकांना ऑटो चालवायला शिकवलं, लायसन्स काढून दिली, नव्याकोऱ्या गाड्याही दिल्या. पण चाव्या नवऱ्यांकडे. 'बायकांच्या सुरक्षिततेसाठी,' असं आमचे सेक्रेटरी म्हणत. ते ऐकलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाई.

पाहुण्यांपुढं बायकांनी गाड्या चालवून दाखवायच्या, म्हणून त्या दिवसापुरत्या सगळ्या चाव्या सेक्रेटरींनी मागवून खिशात ठेवल्या होत्या. संध्याकाळी त्या नवऱ्यांना परत जायच्या. सकाळीच त्यांनी मला बाजूला घेतलं. ते मूळचे आमच्याच मराठवाड्यातले, बोलणं गोड.

"ताई, जरा सांभाळून सांगा. घरातलं चव्हाट्यावर कशाला?"

"सर, मी दुभाषी आहे, चाळणी नाही."

हार झाले, चहा आला. राजदूत बाई बोलल्या. आमचं सरकार स्त्री-पुरुष समानतेला बांधील आहे, मदत देतानाही आणि इतर देशांशी बोलतानाही, असं म्हणाल्या. मी ते बायकांच्या दखनी बोलीत सांगितलं. तशी पुढच्या रांगेतली एक जण उठली. धुणीभांडी सोडून ऑटो शिकलेली.

"वो सब अच्छाच है मॅडम. लेकिन चाबी मेरे मरद के पास रहती. मेरेकू खाली फोटू के दिनच बिठाते."

मी शब्दाला शब्द इंग्रजीत सांगितलं. सेक्रेटरी माझ्या कानाशी आले. "हे कशाला सांगितलं? म्हणा, गंमत करतेय ती."

मी तेही सांगितलं. कानावर जे पडेल ते सगळं सांगायचं, ही आमच्या कामाची रीत. ती मला त्या दिवशी फारच आवडली.

"उद्यापासून येऊ नका," ते दातओठ खात म्हणाले.

तेही सांगितलं. नोकरी चालली हे दिसत होतं. पण संताप त्याहून मोठा होता.

बाईंनी कप खाली ठेवला. आमचं कार्यालय याची दखल घेईल, म्हणाल्या. मी दखनीत सांगितलं, तरी ती ऑटोवाली बसेना.

"दखल लेते रहो मॅडम. चाबी आज दिलाते क्या नै?"

हे इंग्रजीत सांगताना माझा आवाज जरा चढलाच. बाई मान वळवून सेक्रेटरींकडे बघत राहिल्या, आणि रांगेतल्या सगळ्याच बायका उठून हात पुढे करून उभ्या राहिल्या. सेक्रेटरींनी खिशात हात घातला.

संध्याकाळी नवरे चाव्या न्यायला फाटकाशी आले. बायकांनी त्यांना ऑटोत मागं बसवलं आणि घरी नेलं.