दारातली पालघट

कुणा एका आजोबांनी आधी उजवा बूट पुसला, मग डावा. बाहेर पाऊस होता, बुटांना चिखल होता. तो सगळा माझ्या देवीच्या अंगावर गेला.

दोन हजार सातची दिवाळी. वेलिंग्टनमधल्या जॉन्सनव्हिलच्या हॉलमध्ये मराठी मंडळाचा कार्यक्रम. दारात तपकिरी पायपुसणं, त्यावर पांढऱ्या रेघांत छापलेला लग्नाचा चौक, चौकात पालघट देवी. रेघ न् रेघ माझ्या हातची. आत टेबलावर तसल्याच पायपुसण्यांची चळत लावलेली, विकायला.

मी डहाणूकडची वारली. आश्रमशाळेत शिकले, नर्स झाले, इथे वेलिंग्टनला वृद्धाश्रमात कामाला लागले. मंडळात माझ्याशी फारसं कुणी बोलायचं नाही. "तू वारली? वाटत नाहीस गं," एवढंच. मग एक दिवस मंडळाच्या सेक्रेटरी मेधाताईंचा फोन आला. तुमच्या आश्रमशाळेतल्या मुलींसाठी निधी जमवायचाय, एक चित्र दे, भिंतीवर लावायला फ्रेम करून विकू. मी हुरळून गेले.

आमच्यात चौक सवाशिणी काढतात, तोही लग्नघरातच. वेळ येईपर्यंत देवीवर कापड झाकलेलं असतं. आय सांगायची, "लगीन नाय त चौक नाय." आणि मी? लग्नाशिवाय काढला. आय गेली तेव्हा मला जाता आलं नव्हतं, तिच्या आठवणीसाठी काढतेय, अशी मनाची समजूत घातली. खोटं होतं ते. मला या बायकांचं कौतुक हवं होतं.

"मेधाताई, हे... पायाखाली?"

"अगं, फ्रेम महाग पडत होत्या. आणि तुमच्याकडे शेणाच्या भिंतींवरच काढता ना? मग पायपुसण्यावर काय बिघडलं?" बायका हसल्या. "ढिगाने विकली गेलीत, बघ. तुमच्याच मुलींसाठी चाललंय ना सगळं?"

हातात फराळाची प्लेट होती. मेलं, ती चकलीसुद्धा खाल्ली मी. निघताना एक पायपुसणं विकत घेतलं. माझी देवी मीच पैसे देऊन आणली.

वृद्धाश्रमात माझ्याबरोबर मेरे नावाची बाई कामाला होती, माओरी, म्हणजे इथल्या मूळच्या लोकांतली. ती आणि तिच्या नात्यातले चित्रकार पिशव्यांवर, टीटॉवेलवर चित्रं छापून विकायचे. त्या पैशांवर त्यांची मुलं युनिव्हर्सिटीत शिकायची. सोमवारी तिला ते पायपुसणं दाखवलं. तिने ते खाली ठेवलं नाही. कपाटातून धुतलेली चादर काढली, अंथरली, त्यावर ठेवलं. मग विचारलं, "ही कोण?"

हे काय आहे, असं नाही. ही कोण. इतक्या वर्षांत कुणी असं विचारलं नव्हतं. "आमची आई," म्हटलं, आणि मला रडू आवरेना.

मेरे म्हणाली, "एका दुकानदाराला आमच्या पूर्वजाचा चेहरा टीटॉवेलवर हवा होता. मोठी ऑर्डर होती. आम्ही नाही म्हटलं. ज्याने भांडी पुसतात त्यावर आजोबांचं डोकं?"

"पण मुलींचं काय गं?"

"मुलींना दुसरं काढून दे. शेत काढ, नाच काढ. आई देऊ नकोस."

त्याच संध्याकाळी मेधाताईंकडे गेले. त्यांच्याही दारात तीच. वाकून उचलली, झटकली, मग बेल वाजवली.

"उरलेली सगळी द्या. माझं चित्र आहे."

"अगं, पण त्या बिचाऱ्या मुलींचं काय?"

"त्या बिचाऱ्या मुलींतलीच एक तुमच्या दारात उभी आहे," मी म्हटलं. उरलेल्या पायपुसण्यांची खोकी गाडीत घालूनच हलले.

पुढे मी तारप्याचा नाच काढला. तो छापलेल्या पिशव्या मेरेच्या स्टॉलवर जातात, प्रत्येकीवर माझं नाव, माझा पाडा. मुलींना वह्या-पुस्तकं पोचतात. पण विकली गेलेली पायपुसणी परत आली नाहीत. पाऊस लागला की मला घरात बसवत नाही. कुठल्या कुठल्या दारात ती चिखल खात पडली असेल, आणि तिला तिथे मीच नेऊन ठेवलं. आयला काय सांगू?

म्हणून आता कुणाकडेही गेले की आधी उंबऱ्याशी बघते. दिसली की उचलते आणि घरी नेते. यजमान बघत राहतात. मी विचारत नाही. तिला तिथे टाकताना मला कुणी विचारलं नव्हतं.