पेज हुंगणारी आयाबाई

भंडाऱ्याच्या दवाखान्यातली ती आयाबाई सगळ्यांवरच खेकसायची. माझ्या बायकोले लकवा झालता, नाकातल्या नळीनं पेज द्यावी लागे. बाई काचेची पिचकारी उकळायची, पेज हुंगायची, उरलेली मोरीत ओतायची. मी ठेवू म्हटलं तर खेकसायची, "काहो बाबाजी, शिळं घालून मारता का तिले?" धान पिकवणारा माणूस मी, मले ते ओतणं पाहवत नसे.

एक दिवस बाई सुटीवर होती. सकाळची पेज मी सांजेले नळीत ओतली. बायकोले हगवण लागली, ताप चढला. तिसऱ्या दिवशी ती गेली.

बाईनं नळी काढली, तिचं तोंड पुसलं. मी म्हटलं, "शिळी पेज मीच देल्ली." बाई खेकसली नाही. हळूच म्हणाली, "घरी नका सांगू."

पोरगी अजून विचारते, आई कायनं गेली. मी लकवा सांगतो.