देवळात वाचलेली नावं

पंचायतीत बायकांसाठी राखीव जागा होती आणि मला वाचता येत होतं, म्हणून गावाने मला सभासद केलं. नवरा मुंबईला गिरणीत. घरात मी, थोरले दीर आणि जाऊबाई. सभासदाचं काम म्हणजे सांगतील तिथे सही करणं, असंच सगळे धरून चालले होते. मीही काही महिने तेच केलं.

त्या साली खाडीचा बांध फुटला आणि भरतीचं पाणी खाजणातल्या, म्हणजे खाडीकाठच्या सखल जमिनीवरच्या भातशेतीत शिरलं. ज्यांची शेतं खारली त्यांना सरकारी मदत मंजूर झाली. ती कोणाला मिळणार, हे मात्र कोणी सांगेना. आमच्या शेजारच्या विधवेचं एकुलतं शेत बांधाला लागून होतं. पंचायतीत खेपा घालून ती थकली होती.

"माझ्या शेतात आता मासे पोवतत गो," ती मला म्हणाली. "माझा नाव आसा काय नाय, इतक्याच विचार."

मी सरपंचांना विचारलं. "नावां तालुक्याक गेली, आता तुका कित्याक व्हयी?" म्हणून त्यांनी मला वाटेला लावलं. तेव्हा ठरवलं, ग्रामसभेत सगळ्यांसमोर विचारायचं. हे मी जाऊबाईंजवळ बोलले असेन, कारण सभेच्या दिवशी सकाळी दीर विहिरीवर आले. धाकट्या भावाच्या बायकोशी ते कधी थेट बोलत नसत. त्या दिवशी रहाटाकडे बघत म्हणाले, "आज सभेत काय्येक विचारू नको. आपला नाव आसा त्यात."

आमची सगळी जमीन डोंगरउतारावर. तिथवर खारं पाणी चढायचं तर आधी देऊळ बुडायला हवं होतं.

"मग त्या बाईक मी काय सांगू?" मी विचारलं.

"तुका ह्या घरात रवाचा आसा ना?" एवढं बोलून ते वळले.

दुपारी देवळात सभा भरली. पुरुष मंडपात, आम्ही बायका खांबाआड. दीर पुढेच बसले होते. सरपंच सभा आटोपती घेऊ लागले तशी मी उठले. खांबाआडून पुढे आले.

"मदतीची नावं वाचून दाखवा," मी म्हणाले.

"नावां वाचून गावात भांडणां कित्याक?" सरपंच म्हणाले.

ग्रामसेवक घाटावरचा, नवीन आलेला. तो हळूच म्हणाला, "वाचू नयेत असा काही नियम नाही, साहेब." मागून तरुण पोरं ओरडली, "वाचा! वाचा!" मग त्याला थांबवणं कठीण झालं.

तालुक्याला गेलेल्या यादीची प्रत त्याच्या दप्तरात होती. ती काढून तो वाचत गेला. पहिल्या नावाला कोणी हललं नाही. पुढच्याला कुजबुज झाली. माझ्या दिरांचं नाव आलं तेव्हा कोणीतरी हसलं. "तुमचा भात काय डोंगरार बुडला?" दीर उठले, पंचा झटकला आणि कोणाकडे न बघता पायऱ्या उतरून गेले. विधवेचं नाव शेवटपर्यंत आलं नाही. ती उभी राहून म्हणाली, "माझा शेत येवन बघा," आणि मग एकेक जण उठू लागला.

मदत अजून वाटली गेली नव्हती. तालुक्याहून साहेब आले, चिखलात उतरले, पुन्हा पंचनामे झाले. डोंगरावरच्यांची नावं गळली. खाजणातल्यांना मदत मिळाली, पण एक लावणी हुकल्यावर. त्यानंतर कसलीही मदत आली की आधी नावं पंचायतीच्या दारावर लागू लागली.

मी सभेहून घरी गेले तेव्हा माझी भांडी पडवीत काढून ठेवलेली होती. जाऊबाई आत रडत होत्या. त्या दिवसापासून मी पडवीतच चूल मांडली.

चतुर्थीला नवरा आला. तो आधी माझ्याकडे जेवला, मग भावाकडे जाऊन पुन्हा पानावर बसला. परत आल्यावर म्हणाला, "तू केलंस ता बरा केलंस. पण आधी माका कळवूक होया होता."

कळवलं असतं तर त्याने मला उभं राहू दिलं असतं का, हे मी त्याला विचारलं नाही.