कूलरचं तोंड कुणीकडे

मी फिजिक्स शिकवते. अमरावतीच्या एका ज्युनिअर कॉलेजात, गेली पंचवीस वर्षं. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं वाचताना तुम्हाला दोन-तीनदा तरी वाटेल की या बाईला शाळेतच कुणी घातलं नसावं.

बाबा अकोल्याला एकटे राहतात. त्यांनी जन्मभर कापसाच्या जिनिंगमध्ये वजनकाट्यावर नोकरी केली. कापसाच्या गाड्या मोजायच्या आणि दोन गाड्यांच्या मधे पेपर वाचायचा. एक नाही, तीन. अग्रलेखापासून निविदा-नोटिशींपर्यंत सगळं. कुणाच्या शेताच्या हद्दीचा वाद कोर्टात गेला, हे त्या शेतवाल्याच्या आधी बाबांना कळायचं. मग डोळ्यांच्या मागच्या पडद्याने दगा दिला. कडेचं दिसतं, पण जिथे बघावं तिथेच मधोमध धुकं. चष्म्याने भागणार नाही, असं डॉक्टर म्हणाले. अक्षर तळहाताएवढं केलं तर मात्र वाचू शकतील. त्यानंतरही तीन पेपर येत राहिले. बाबा ते उघडायचे, फोटोवरून बोट फिरवायचे आणि घडी घालून ठेवून द्यायचे. मी विचारलं की म्हणायचे, आज काही खास नव्हतं.

मोबाईल घेऊन दे, असं सांगणारे रग्गड भेटले. दिलाही. बाबा अक्षर मोठं करायला गेले की तिसऱ्याच कुणाला तरी फोन लागायचा, आणि मग त्या माणसाची खुशाली विचारावी लागायची. म्हणून मी ठरवलं, भिंतीवर टीव्हीचा मोठा पडदा लावायचा, त्याला कॉम्प्युटर जोडायचा आणि पेपर त्यावर वाचायचा. तयार कॉम्प्युटर मिळतात, पण फिजिक्सवालीने तयार मशीन आणायचं म्हणजे इज्जतीचा सवाल. महिनाभर व्हिडिओ पाहिले. त्यातली सगळी पोरं मिशा फुटायच्या वयाची होती आणि सगळी म्हणत होती की हे अगदी सोपं आहे. मलाही तसंच वाटायला लागलं.

अमरावतीच्या बाजारातल्या ज्या दुकानातून मी भाग घेतले, त्या दुकानदाराला शब्द एकच येत होता. या मदरबोर्डवर हा प्रोसेसर बसेल का? चालते ना मॅडम. ही रॅम? चालते. हा पॉवर सप्लाय एवढ्याला पुरेल? काहून नाई पुरणार, चालते. रॅम घरी येऊन लावायला गेले तर खाच एकीकडे आणि बोर्डावरचा दात दुसरीकडे. बोर्ड जुन्या पिढीच्या रॅमचा, आणि दिली होती नवी. फोन केला तर म्हणाला, थोडा जोर लावून पाहा. मी जोर लावला, पण फोनवर. दुसऱ्या दिवशी बदलून मिळाली.

दुकानदाराला पोटभर बोलून झाल्यावर मी माझी स्वतःची हुशारी केली. प्रोसेसर निवडताना नावाच्या शेवटी एक अक्षर जास्त असलेला घेतला. एक अक्षर जास्त आणि तरी थोडा स्वस्त, म्हणजे आपली चांदीच. त्या अक्षराचा अर्थ असा निघाला की या प्रोसेसरमध्ये पडद्यावर चित्र दाखवायची सोयच नाही, त्याला वेगळं ग्राफिक कार्ड लागतं. ज्या माणसाला फक्त दिसावं म्हणून एवढा खटाटोप, त्याच्यासाठी मी न दाखवणारं यंत्र घेऊन आले होते. दोन दिवस वायर बदलत बसले, टीव्हीला शिव्या दिल्या. शेवटी गपचूप कार्ड आणलं. घरात कुणाला सांगितलं नाही, आत्ता सांगतेय.

जानेवारीत तो डबा मांडीवर घेऊन एस.टी.ने अकोल्याला गेले. मूर्तिजापूरपर्यंत शेजारची बाई त्याला मिक्सर समजत होती, मीही समजू दिलं. बाबांच्या खोलीत सगळं जोडलं, बटण दाबलं की नेटवरचे पेपर आपोआप उघडतील अशी सोय केली, अक्षर वाढवत वाढवत भाकरीएवढं केलं. बाबा खुर्ची जवळ ओढून मान थोडी वाकडी करून बसले, कारण कडेनेच दिसतं. आणि मोठ्याने वाचायला लागले. नगरपरिषदेची नाल्या दुरुस्तीची निविदा होती. अनामत रकमेपासून अटी-शर्तींपर्यंत त्यांनी ती सबंध वाचली. इतका आनंद मला माझ्या निकालाच्या दिवशीही झाला नव्हता.

निघताना कॅबिनेटवर एक कागद चिकटवला. कॉम्प्युटर वापरण्याच्या दहा सूचना, माझ्या सुवाच्य अक्षरात, लाल पेनने अधोरेखित. प्रयोगशाळेत मी असाच तक्ता लावते. पोरं तो वाचत नाहीत, पण लावल्याचं समाधान असतं.

फेब्रुवारी-मार्च सुखात गेले. बाबा रोज फोन करून मला अमरावतीच्याच बातम्या सांगायचे. एप्रिल लागला आणि भर दुपारी कॉम्प्युटर आपोआप बंद पडायला लागला. आमच्याकडचा एप्रिल म्हणजे काय ते वऱ्हाडातल्या माणसाला सांगायला नको आणि बाहेरच्याला सांगून पटत नाही. मी वर्गातून वर्गात जाता जाता फोनवर तपासणी घेतली. पंखा फिरतो का? आवाज कसा येतो? मागे हात लावून पाहा, गरम लागतं का? बाबा म्हणाले, लय गरम हाय. मी म्हणाले, बाबा, ही साधी गोष्ट आहे, त्याला थंड ठेवा. आणि ठेवून दिला. पुढचे आठ दिवस कॉम्प्युटर नीट चालला. स्टाफरूममध्ये मी सांगत फिरले की अर्धे आजार नुसत्या फोनवर बरे होतात.

नवव्या दिवशी पुन्हा बंद. रविवारी गेले. बाबांनी चाकांच्या स्टँडवरचा कूलर माझ्याकडे वळवून ठेवला होता, पाणी दिलं, लिंबू सरबत दिलं. मी कॅबिनेट उघडलं तर आत पांढरी भुकटी. बस, निदान झालं: धूळ. बाबांना धुळीवर दहा मिनिटं व्याख्यान दिलं. खिडक्या सताड उघड्या ठेवल्या तर दुसरं काय होणार, आजपासून या खोलीच्या खिडक्या बंद म्हणजे बंद. ब्रशने भुकटी झाडली, रॅम काढून तिचे सोनेरी दात खोडरबरने घासले. हा खोडरबरचा उपाय आपल्याकडे सगळ्या रोगांवर चालतो. कॉम्प्युटर सुरू झाला. मी विजयी मुद्रेने बसमध्ये बसले.

चार दिवस. मग पुन्हा तेच. या वेळी डबा उचलून अमरावतीला आणला. माझ्या घरी आठ दिवस अखंड चालला, एकदाही रुसला नाही. दुकानदाराला दाखवला तर त्याने एक क्षणही न दवडता निकाल दिला की अकोल्याची लाईटच तशी. अमरावतीच्या माणसाला अकोल्याची कुठलीही गोष्ट 'तशीच' वाटते, आणि खरं सांगते, मलाही ते लगेच पटलं. स्टॅबिलायझर घेतला. पॉवर सप्लाय बदलला. बोर्डावरची नाण्याएवढी बॅटरी बदलली. अकोल्याला पोचवला. पाच दिवसांत पडला. दुसरी रॅम घेऊन गेले. तीन दिवस. ग्राफिक कार्डाचं टोक हिरवं पडलेलं दिसलं, तर दुकानदाराने माल जुना दिला म्हणून त्याच्याशी भांडले. बिचारा पहिल्यांदाच 'चालते' म्हणाला नाही.

तोवर माझा फोनवरचा आवाज कसा झाला असेल याची कल्पना करा. काय केलं होतं त्याला? कुठे हात लावला होता? नक्की काही सांडलं नाही ना? ऐंशीच्या घरातल्या माणसाला मी प्रॅक्टिकलची तोंडी परीक्षा द्यायला उभं केलं होतं. बाबा म्हणायचे, काईच नाई केलं वं बाई. मग फोन लवकर ठेवायला लागले. मला वाटलं, कंटाळले असतील. मीही कंटाळले होते.

मे महिन्यात कॉलेजला सुट्टी लागली आणि मी न कळवता गेले. कळवलं नाही, कारण मनातून मला बाबांना रंगेहाथ पकडायचं होतं. दुपारी दोनला पोचले. दार नुसतं लोटलेलं होतं. ढकललं, आणि न्हाणीघराचं दार उघडल्यासारखी दमट हवा अंगावर आली. सगळ्या खिडक्या बंद, फटींना जुने टॉवेल खोचलेले. मधोमध कूलर पूर्ण जोरात चालू, आणि त्याचं तोंड कॉम्प्युटरकडे. हातभर अंतरावर. कॅबिनेटचं झाकणही काढून ठेवलेलं, वारा आतपर्यंत जावा म्हणून. आणि बाबा पार कोपऱ्यात, भिंतीला पाठ टेकून खाली बसलेले, डोक्यावर ओला गमछा, बनियन घामाने चिकटलेलं.

मी विचारलं, "बाबा, कूलर इकडे काहून?"

"तूच त सांगतलं होतं, थंड ठेवा म्हून," बाबा म्हणाले. "कालपासून बंद पडला हाय. तुले सांगतलं असतं त तू चिडली असती."

मी आत वाकून पाहिलं. ती पांढरी भुकटी धूळ नव्हतीच. अकोल्याच्या बोअरच्या पाण्याचा क्षार होता, जो बादलीच्या बुडाशी बसतो, कूलरच्या गवती जाळ्यांवर बसतो, जो मी जन्मल्यापासून पाहत आलेय. कूलर पाणी उडवत होता, ते पाणी बोर्डावर वाळत होतं आणि क्षार मागे ठेवत होतं. पहिले आठ दिवस उघड्या खिडक्यांमुळे दमट हवा बाहेर तरी जात होती. त्या खिडक्या मी बंद करायला लावल्या. माझ्याकडे कॉम्प्युटर नीट चालायचा, कारण मी त्याच्यासाठी कूलर लावत नव्हते, मी स्वतःसाठी लावत होते. आणि मी अकोल्याला आले की बाबा कूलर माझ्याकडे वळवायचे, म्हणून मला कधी काही दिसलं नाही.

या सगळ्याने मी खजील व्हायला हवं होतं. झाले नाही. आधी भडकले. शिक्षकाची जातच तशी, चूक सापडली की आधी कुणाची ते पाहायचं. मी कॅबिनेटवरच्या त्या कागदावर बोट आपटलं. सूचना क्रमांक चार, लाल अधोरेखित: पाणी व दमट हवा यांपासून दूर ठेवावे. म्हणाले, एवढं मोठं लिहून ठेवलंय, जानेवारीपासून तुमच्या डोळ्यांसमोर आहे, एकदा तरी वाचायचं होतं.

बाबा भिंतीला धरून उठले. कागदापाशी आले, नाक टेकेल इतके जवळ गेले. मान डावीकडे केली, मग उजवीकडे. बराच वेळ पाहत राहिले. कूलर त्यांच्या पाठीवर पाणी उडवत होता.

मग माझ्याकडे वळून म्हणाले, "काय लिवलं हाय ते सांग ना, बाई. मी पाठ करून घेतो."

ज्या माणसाला कागदावरचं वाचता येत नाही म्हणून मी हा कॉम्प्युटर बांधला, त्याच कॉम्प्युटरवर त्याच्यासाठी दहा सूचनांचा कागद चिकटवला होता. बॉलपेनने. पाच महिन्यांत एकदाही माझ्या लक्षात आलं नाही. आणि त्यांना कळत होतं की तिथे मी काहीतरी लिहिलंय, पण विचारलं तर मी फोनवर चिडेन, म्हणून जेवढं तोंडाने सांगितलं तेवढं त्यांनी जिवापाड पाळलं. बेचाळीस-त्रेचाळीस डिग्रीत माझे बाबा कोपऱ्यात बसून घामाघूम होत होते आणि पत्र्याचा डबा गार वारा खात होता. मला इतकी लाज वाटली की मी कूलर बंद करण्याऐवजी आधी दिवाच बंद केला.

मग टॉवेल काढले, खिडक्या उघडल्या, कूलर ओढून खिडकीत नेला आणि त्याचं तोंड बाबांच्या खाटेकडे केलं. बाबा दोनदा म्हणाले, मशीन गरम होईन. मी म्हटलं, होऊ द्या. बोर्ड गेलाच होता, नवा आणावा लागणार होता. कोणत्या रॅमला कोणता बोर्ड, ते मी मनात जुळवायलाही लागले होते. सवय जाते होय?

तेवढ्यात खाटेखाली लक्ष गेलं. कॉम्प्युटर बंद असलेल्या दिवसांचे पेपर तिथे रचलेले होते, तीन-तीनच्या गठ्ठ्यांत. या वेळी घडीही मोडलेली नव्हती. एप्रिल-मे मिळून मी पाच-सहा वेळा या खोलीत आले होते आणि प्रत्येक वेळी सारा वेळ त्या डब्यात डोकं घालून बसले होते. त्यांना एक बातमी वाचून दाखवायची, हे मला एकदाही सुचलं नाही. त्याला ना बोर्ड लागत होता, ना रॅम.

मी सगळ्यात खालचा पेपर ओढला आणि खाटेवर त्यांच्या शेजारी बसले. पहिल्या पानावरची मोठी बातमी सुरू केली. बाबांनी डोळे मिटून दोन वाक्यं ऐकली आणि हात वर केला.

"हे राहू दे," ते म्हणाले. "निविदा वाच."